शरदातील परसबाग आणि शाळा



आश्विन उलटून कार्तिक लागला की शाळेच्या परसबागेच्या कसोटीचा काळ सुरू होतो. पावसाळ्यात बाग निसर्गच सांभाळतो. पाऊस परतल्यावर ती माणसाच्या हाती येते आणि नेमकी त्याच सुमारास दिवाळीची सुट्टी लागते. शाळा पुन्हा भरते तेव्हा वाफे भेगाळलेले आणि रोपांनी माना टाकलेल्या, असे दृश्य पुष्कळ ठिकाणी दिसते. मुलांच्या ताटातील भाजी त्यामुळे जाते हे खरेच. पण आपल्या हातचे काही जगत नाही, असा चुकीचा धडा मुले शिकतात, ही हानी अधिक मोठी होय.

‘पर्माकल्चर’ या नावाने आज ओळखल्या जाणाऱ्या पद्धतीची मांडणी बिल मॉलिसन व डेव्हिड होल्मग्रेन यांनी १९७८ साली ऑस्ट्रेलियात केली. माती उघडी ठेवू नये, पाणी जागच्या जागी जिरवावे, एकाचे टाकाऊ ते दुसऱ्याचे अन्न व्हावे, ही तिची सूत्रे. महाराष्ट्रात श्री. अ. दाभोळकर यांनी प्रयोग परिवाराच्या द्वारे, थोड्या जागेत काडीकचऱ्यापासून सकस माती घडविण्याचा विचार गावोगाव पोहोचविला. मात्र थंड देशांतील पुस्तके येथे जशीच्या तशी लागू पडत नाहीत. तेथे शरद म्हणजे पानगळ आणि बागेची विश्रांती. ठाण्याकडे मोठी पानगळ होते ती माघ-फाल्गुनात. शरद हा तर भाजीच्या नव्या हंगामाचा आरंभ.

ठाणे शहराच्या पूर्वेस, खाडीच्या बाजूला असलेल्या कोपरीचे उदाहरण घ्यावे. दाट वस्तीत बागेला जागा मिळते ती चार-सहा हात. त्यातून खाडीकाठच्या जमिनीत खारटपणाचे भय. उन्हाने माती वाळू लागली की खालची ओल वर चढते, पाणी उडून जाते आणि क्षार तेवढे पृष्ठभागी उरतात. म्हणून अशा जागी वाफा वीतभर उंच करावा आणि माती झाकून ठेवावी. मुरबाड-शहापूरकडे क्षारांचे भय नाही, पण पाण्याची ओढ आहे; उपाय मात्र तोच.

झाकण्यासाठी या दिवसांत वाळलेले गवत, भाताचा पेंढा, दसरा-दिवाळीची झेंडूची तोरणे हाताशी असतात. टाकळाही चालतो, पण त्याच्या शेंगा पिकल्या असतील तर तो टाळावा, नाहीतर पुढल्या पावसात रानच माजते. प्रथम वाफ्याला भरपूर पाणी द्यावे आणि मग चार बोटे जाडीचा थर पसरावा. रोपाच्या बुंध्याभोवती थोडी जागा मोकळी सोडावी, म्हणजे खोड कुजत नाही. वांगी, मिरची यांच्यामध्ये चकाकीचा लेप दिलेले नव्हे, तर साधे कुंभाराचे मडके गळ्यापर्यंत पुरून, पाण्याने भरून वर झाकण ठेवावे. पाणी हळूहळू झिरपत मुळांना मिळते. सुट्टीत दर दोन-तीन दिवसांनी ते कोणी भरावे, याची पाळी शाळेजवळच्या मुलांत आधीच वाटून द्यावी. हात धुण्याचे पाणी केळी व अळूकडे वळवावे.

मेथी, मुळा, माठ, कोथिंबीर एकदम न पेरता आठ-दहा दिवसांच्या अंतराने थोडी थोडी पेरावी, म्हणजे भाजी एकाच दिवशी तयार होऊन वाया जात नाही. कुंपणालगत वाल लावावा.

वालाचे नाव निघाले की गावातील वडीलधाऱ्यांना शाळेत बोलवावे. भात कापल्यावर खाचरातील उरल्या ओलीवर वाल घेण्याची कोकणातील रीत मॉलिसनच्या पुस्तकाहून कितीतरी जुनी आहे. वालाच्या मुळांवरील गाठी हवेतील नत्र जमिनीत आणतात, हे पुस्तकातील ज्ञान मुलांनी रोप उपटून डोळ्यांनी पाहावे. एक वाफा झाकलेला व एक उघडा ठेवून, दोहोंना सारखेच पाणी घालावे आणि कोणता आधी वाळतो याची नोंद मुलांनी रोज करावी. त्यात गणितही आले आणि विज्ञानही.

महात्मा गांधींनी १९३७ साली वर्ध्यास हस्तोद्योगातून शिक्षणाचा विचार मांडला, तो याच वाटेचा. शाळेच्या आवारातील गवत गोळा करून पेटवून देणे सोपे असते. पण मुलांसमोर जळणारे ते गवत म्हणजे पुढल्या वर्षीची माती असते. ते वाफ्यावर पसरणे हाच सुट्टीपूर्वीचा शेवटचा पाठ असावा.