चावी मीच दिली होती

मी जबलपूरहून बोलतोय. सैन्यात सिग्नल्समध्ये होतो, निवृत्तीनंतर इथेच स्थायिक झालो. आजचा विषय गाडीचा विमा. तोही दारू पिऊन गाडी चालवताना पकडल्या गेलेल्या माणसाच्या बाबतीतला.

नोकरीत असेपर्यंत मला विम्यातलं काही कळत नव्हतं. सरकारच्या मालकीच्या गाड्यांना मोटार वाहन कायद्याच्या कलम १४६ मधून सूट असते. अपघात झाला की कोर्ट ऑफ इन्क्वायरी बसायची. निवृत्त झाल्यावर स्वतःची गाडी घेतली. दरवर्षी एजंट यायचा, मी चेक द्यायचो. पॉलिसी कधी वाचली नाही. हुकूम अक्षर न् अक्षर वाचणारा माणूस मी, पण हा कागद कपाटात ठेवून मोकळा व्हायचो.

२०१७ ची गोष्ट. माझा भाचा आमच्याकडे राहायचा. एका रात्री पोलिसांनी त्याला अडवून फुंकायला लावलं. कायद्याची मर्यादा १०० मिलिलिटर रक्तात ३० मिलिग्रॅम, हा बराच वर होता. कोर्टात दंड झाला, लायसन्स तीन महिन्यांसाठी निलंबित झालं. मी एजंटला विचारलं, आता हा घरात आहे तर आमचा विमा महागणार का? तो हसला. "साहब, प्रीमियम उतना ही रहेगा."

त्याचं खरं होतं. अमेरिकेत असं झालं तर हप्ता भडकतो, आणि बऱ्याच राज्यांत कंपनीकडून एसआर-२२ नावाचं प्रमाणपत्र सरकारात दाखल करावं लागतं. आपल्याकडे थर्ड पार्टीचा दर सरकार ठरवतं. जून २०२२ मध्ये १००० ते १५०० सीसीच्या खासगी गाडीला ३,४१६ रुपये ठरला. चालवणारा संत असो की बेवडा. विमा नियामकाच्या एका समितीने २०२१ मध्ये गुन्ह्यागणिक गुण मोजून जादा हप्ता लावायची शिफारस केली होती. दारूला १०० गुण, चुकीच्या पार्किंगला १०. मला ती पटते. दरवर्षी खिशाला चिमटा बसला असता तर मी वेळेत जागा झालो असतो. आपल्याकडे चिमटा बसत नाही, एकदम घाव बसतो.

पत्नीला स्टेशनवर सोडायचं होतं आणि माझी कंबर धरली होती. भाचा म्हणाला, "मामा, मी सोडतो ना मामीला." निलंबन संपायला वीसेक दिवस होते, हे मला माहीत होतं. तरी खुंटीवरची चावी काढून मीच त्याच्या हातात दिली. त्या दिवशी तो प्यायलेला नव्हता, हेही सांगतो. परत येताना मदन महालजवळ सायकलवरून कामाला निघालेल्या एका गवंड्याला धडक बसली. मांडीचं हाड मोडलं, पाय कायमचा आखूड झाला. परातीवर चढणं संपलं.

अपघात दावा न्यायाधिकरणात कंपनीच्या वकिलाने निलंबनाचा आदेश पुढे ठेवला. पॉलिसीतच लिहिलेलं असतं की चालवणारा लायसन्सला अपात्र ठरलेला नसावा. पण तेवढ्याने कंपनी सुटत नाही. सर्वोच्च न्यायालयाच्या २००४ च्या स्वर्ण सिंग निकालानुसार मालकाचा निष्काळजीपणाही तिला सिद्ध करावा लागतो. म्हणजे सगळं एका प्रश्नावर आलं: तुम्हाला माहीत होतं का?

आदल्या संध्याकाळी माझ्या वकिलांनी सुचवलं होतं, "कर्नलसाहेब, माहीत नव्हतं एवढंच म्हणा." घरातही तोच सूर. बहीण फोनवर रडली. रात्रभर मी ते वाक्य मनात म्हणून पाहिलं. सकाळी साक्षीला उभा राहिलो आणि म्हणालो, "माहीत होतं. चावी मीच दिली."

निकाल लागला. कंपनीने गवंड्याला ६ लाख ४० हजार व्याजासह द्यावेत आणि माझ्याकडून वसूल करावेत. त्याला पैसे मिळाले. मी फिक्स्ड डिपॉझिट मोडलं. बहीण वर्षभर बोलली नाही.

१९ मे २०२४ च्या पहाटे पुण्यात कल्याणीनगरला सतरा वर्षांच्या मुलाच्या पोर्शेखाली दोन तरुण इंजिनिअर गेले. त्यातली मुलगी आमच्या जबलपूरची. तीनशे शब्दांच्या निबंधावर सारा देश संतापला, मीही. पण मला वारंवार आठवत होती ती चावी. २०१९ च्या दुरुस्तीने आलेलं कलम १९९अ अशा वेळी पालकाला किंवा मालकाला दोषी धरतं: तीन वर्षांपर्यंत कैद, २५,००० दंड, गाडीची नोंदणी वर्षभर रद्द.

आणि स्वतःच्या गाडीची भरपाई? डिसेंबर २००७ मध्ये दिल्लीत एक पोर्शे फुटपाथवर आदळून जळाली. चालवणारा प्यायलेला होता म्हणून कंपनीने दावा नाकारला, आणि २०२१ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने कंपनीचंच म्हणणं मान्य केलं.

गेल्या महिन्यात नागपूरहून पुतण्या आला, गाडी मागितली. मी लायसन्सचा नंबर आणि जन्मतारीख विचारली आणि परिवहनच्या साइटवर टाकून पाहिली. तो चिडला. "काका, घरच्या माणसावर विश्वास नाही?" लायसन्स चालू होतं. मी चावी दिली.