उसातला बिबट्या आणि गौताळ्याचा डोंगर



बचत गटाची सहल म्हटलं की आपली यादी ठरलेली असते. पैठण, शिर्डी, तुळजापूर, फार तर वेरूळ. यंदा त्या यादीत एक नाव वाढवा, गौताळा. आपल्या अंकुशनगरजवळून जो सोलापूर-धुळे महामार्ग जातो, तोच छत्रपती संभाजीनगरवरून कन्नडला जातो. कन्नडच्या पुढे औट्रम घाट लागतो आणि तिथेच गौताळा औट्रमघाट अभयारण्य आहे. १९८६ साली ते जाहीर झालं. सुमारे २६० चौरस किलोमीटरचं हे रान संभाजीनगर आणि जळगाव या दोन जिल्ह्यांत पसरलंय. देवदर्शनही चुकत नाही, कारण घाटाखाली चाळीसगावच्या बाजूला पाटणादेवीचं जुनं देऊळ आहे.

तिथे जाऊन बघायचं काय? वाघ-बिबट्या दिसेल या आशेने गेलात तर हिरमोड होईल. बिबट्या दिवसा दडून बसतो. वानरं, मोर, रोही नजरेला पडतात. नशीब असेल तर चिंकारा दिसतो. बाकीच्यांच्या खुणा वाचायच्या. ओल्या मातीत पंजा उमटलाय आणि नखांचे ठसे नाहीत, तर तो बिबट्याचा असू शकतो, कारण मांजराच्या जातीचे प्राणी चालताना नखं आत ओढून घेतात. कुत्र्याच्या पावलात नखं दिसतात. वारूळ उकरलेलं दिसलं तर तिथे अस्वल वाळवी खाऊन गेलं असेल.

मार्च २०२१ मध्ये तर इथे वनखात्याच्या कॅमेऱ्यात पट्टेदार वाघ आला. कित्येक दशकांत या डोंगरात वाघ नव्हता. अंगावरच्या पट्ट्यांवरून कळलं की तो यवतमाळ जिल्ह्यातल्या टिपेश्वरचा. तीनशेहून जास्त किलोमीटर चालून तो आला होता. म्हणजे वाटेत किती गावं, शेतं, रस्ते त्याने ओलांडले असतील! जंगलाला आपण नकाशावर रेघ मारतो, जनावराला ती रेघ माहीत नसते.

आता तुम्ही म्हणाल, कन्नडच्या डोंगराशी आपला काय संबंध? संबंध पाण्याचा आहे. त्याच डोंगररांगेत उगम पावणारी शिवना नदी पुढे गोदावरीला मिळते, गोदावरी नाथसागरात येते आणि नाथसागराचा डावा कालवा आपल्या अंबड तालुक्यातून जातो. डोंगरावर गवत, पालापाचोळा, झाडं असली की पावसाचं पाणी मुरतं आणि सावकाश झिरपत खाली येतं. डोंगर उघडा पडला की पाणी माती घेऊन धावतं आणि तो गाळ धरणात बसतो. आपल्या उसाचं पाणी असं लांबून येतं.

दुसरा संबंध जनावराचा. बिबट्याला उसाचा फड जंगलासारखाच वाटतो. आडोसा, गारवा, जवळ पाणी आणि खायला डुकरं, कुत्री. उसात तो पिल्लंही घालतो. तोडणी सुरू झाली की ती पिल्लं आपल्याच बायांना सापडतात. तेव्हा काय करायचं, ते नीट ऐका.

पिल्लाला हात लावू नका, उचलू नका, फोटोसाठी गर्दी करू नका. आई जवळपासच असते. तोडणी थांबवून सगळ्यांनी मागे व्हा आणि वनखात्याला १९२६ या क्रमांकावर फोन करा. जुन्नरच्या ऊसपट्ट्यात वनखात्याने अशी कितीतरी पिल्लं रात्री तिथेच ठेवून आईच्या हवाली केली आहेत. पिल्लू नेलं तर आई चवताळून त्याच भागात फिरत राहते, म्हणजे धोका वाढतो.

तोडणीवर लेकरांना फडाच्या कडेला एकटं झोपवू नका. अंधारात बाहेर जायचं तर दोघी-तिघी मिळून, बॅटरी घेऊन, मोठ्याने बोलत जा. वाकलेलं, बसलेलं माणूस बिबट्याला लहान जनावरासारखं दिसतं. शेळ्या रात्री बंद गोठ्यात ठेवा. शेळी मारली गेलीच तर तिला जागेवरून हलवू नका आणि ४८ तासांच्या आत वनखात्याला कळवा. पंचनामा झाला तरच भरपाई मिळते. पुरायची घाई केली की हक्काचे पैसे जातात.

सहलीला जाताना पावसाळा सरता सरता जा. झरे वाहते असतात, डोंगर हिरवा असतो. उन्हाळ्यात तिथली झाडं पानं गाळतात आणि रान वाळून जातं. जाण्याआधी प्रवेशाची वेळ आणि फी कन्नडच्या वनविभागात विचारून घ्या. वानरांना शेंगदाणे, पोळ्या टाकू नका. एकदा सवय लागली की ती पुढच्या बाईच्या हातातली पिशवी ओढतात. डबा खाल्ला की कचरा आपल्याच पिशवीत परत आणायचा. मोबाईलवर गाणी नकोत, लाल-भडक साड्याही त्या दिवशी घरी राहू द्या.

आणि लेकींना सोबत न्या. उद्या उसाच्या फडात बिबट्याचं नाव निघालं की अख्खं गाव काठ्या घेऊन धावतं. त्या गर्दीतच माणसं जखमी होतात. "थांबा, मागे व्हा, फोन लावा" असं म्हणणारी एखादी पोरगी तिथे हवी.

पुढच्या बैठकीत हप्ते भरून झाले की सहलीचा विषय काढा, आणि गटाच्या वहीच्या पहिल्या पानावर १९२६ लिहून ठेवा.