माळ्यावरचं निष्क्रिय खातं



बँकेत दोन वर्षं व्यवहार झाला नाही, की आम्ही ते खातं निष्क्रिय ठरवायचो. आमच्या माळ्यावर असं एक खातं नऊ वर्षं पडून होतं. माझ्या दिवंगत पत्नीचं शिलाई मशीन. मला ते कुणाला देववत नव्हतं.

माझं गाव बीड जिल्ह्यातलं धर्मापुरी. तिथं टाकून देणं कुणाला ठाऊकच नव्हतं. आईचं लुगडं विरलं की गोधडी, गोधडी विरली की पायपुसणं. उरलेलं बोहारणीला द्यायचं, बदल्यात पातेलं घ्यायचं. मग मीच असा कसा झालो?

गेल्या वर्षी मशीन रिक्षात घातलं आणि पुण्यातल्या ‘स्वच्छ’च्या जुन्या वस्तूंच्या संकलनाला गेलो. २००८ पासून काम करणारी ही कचरावेचकांच्या मालकीची सहकारी संस्था. १९९३ साली स्थापन झालेल्या कागद काच पत्रा कष्टकरी पंचायतीतून ती उभी राहिली. म्हणजे सहकारात आपलेच भाऊबंद!

तिथल्या ताईंनी चाक फिरवून पाहिलं. “काका, हे भंगारात नाही घालायचं. तेल आणि पट्टा घातला की चालतंय बघा.” पुढे ते शिवण शिकणाऱ्या एका मुलीकडे गेलं, असं कळलं. त्या रात्री मला शांत झोप लागली.

कमिटीला एकच विनंती. दरवर्षी दिवाळीच्या आवराआवरीआधी संकलनाचा एक रविवार ठेवावा. वस्तू देताना जिवावर येतं, माझ्याही आलं. पण खातं चालू झालेलं बरं!