दाराच्या फळ्या



पडद्यामागे एकांकिकेची मंडळी मेकअप करून ताटकळली आहेत, तेव्हा आवरतं घेतो. इतिहास मंडळाने मला विषय दिलाय चीनमधल्या गनिमी काव्याचा.

चिनी कम्युनिस्टांचा नेता माओ, त्याचं सूत्र काहींना पाठ असेल. शत्रू चालून आला की मागे सरायचं, त्याने तळ ठोकला की झोपू द्यायचं नाही, दमला की हाणायचं, परत फिरला की पाठ सोडायची नाही. १९२८ च्या आसपास जिंगगांगच्या डोंगरांत हे डावपेच आकाराला आले. मला मात्र त्याहून महत्त्वाच्या वाटतात दाराच्या फळ्या. तिकडे खेड्यातलं लाकडी दार सहज उचलून काढता येई. सैनिक मुक्कामाला आले की ते आडवं टाकायचं, वर पेंढा पसरायचा, झाला बिछाना. कम्युनिस्टांच्या लाल सैन्याचा नियम असा की निघताना फळ्या पुन्हा बसवायच्या, पेंढा बांधून ठेवायचा. उसनं आणलेलं परत, मोडलं त्याची भरपाई. हा नुसता चांगुलपणा नव्हता हो! शत्रू कुठल्या वाटेने येतोय हे सांगणारा तोच शेतकरी होता.

पुढे राष्ट्रवादी सरकारच्या चँग कै-शेकने बुरुजांची साखळी उभारून लाल सैन्याला आवळत आणलं, आणि कम्युनिस्ट पक्षातले नवे सूत्रधार समोरासमोर लढायच्या हट्टाला पेटले. ऑक्टोबर १९३४ मध्ये सुमारे ८६ हजार माणसं त्या वेढ्यातून निसटली. वर्षभराने उत्तर शाआन्सीत पोचली ती दहा हजारांच्या आत.

जपानशी युद्ध पेटल्यावर शत्रूच्या पिछाडीला हाच कावा पुन्हा चालला. आपल्या सोलापूरचे डॉ. द्वारकानाथ कोटणीस १९३८ मध्ये काँग्रेसच्या वैद्यकीय पथकातून गेले ते याच युद्धात. तिथल्या खेड्यापाड्यांतून जखमींवर शस्त्रक्रिया करत राहिले आणि ९ डिसेंबर १९४२ ला, वयाच्या ३२ व्या वर्षी, तिथेच वारले.

आता पुढचंही सांगतो, नाहीतर अर्धाच इतिहास सांगितल्यासारखं होईल. १९५८ नंतर याच कम्युनिस्ट पक्षाने शेतकऱ्याच्या घरातलं धान्य नेलं आणि चुलीवरची कढईसुद्धा पोलादासाठी भट्टीत घातली. त्यातून ओढवलेल्या दुष्काळात कोट्यवधी माणसं मेली. सत्ता हाती आल्यावर वाटा दाखवायला शेतकरी लागत नव्हता, असं माझं मत. तुमच्या इतिहासाच्या सरांचं वेगळं असू शकेल. उद्या तासाला त्यांना जरूर छळा.