आधी कच्ची, मग पक्की



धानाचे बियाणे घरचे असले, तर आपण काय करतो? शंभर दाणे ओल्या गोणपाटात ठेवतो. किती उगवले ते मोजतो. मगच पऱ्हे टाकतो. विजेच्या कामातही हीच रीत आहे.

आज आम्ही पाण्याच्या टाकीची घंटा सांगतो. टाकी भरली की ती वाजते. मग मोटार वेळेवर बंद करता येते.

टाकीच्या तोंडाशी दोन तारा सोडायच्या. पाणी दोन्ही टोकांना लागले, की त्यातून अगदी थोडी वीज वाहते. तेवढ्यावर घंटा वाजत नाही. म्हणून मध्ये ट्रान्झिस्टर बसवतात. हा वाटाण्याएवढा, तीन पायांचा भाग. थोडी वीज मिळाली, की तो घंटेच्या विजेला वाट मोकळी करतो.

हे भाग बसवायला एक पाटी लागते. तिच्यावर तांब्याचा पातळ थर असतो. वीज जिथून जायची, तिथे पक्क्या शाईने रेघा काढायच्या. पाटी फेरिक क्लोराइडच्या पाण्यात ठेवायची. उघडे तांबे विरघळते, शाईखालचे राहते. त्या रेघाच तारांचे काम करतात. मग भोके पाडून भागांना डाख द्यायचा.

पण थांबा! विरघळलेले तांबे परत येत नाही. म्हणून आधी ब्रेडबोर्ड नावाच्या भोकांच्या पाटीवर सगळे भाग नुसते खोचायचे. घंटा मुकी राहिली, तर ट्रान्झिस्टरचे पाय उलटे आहेत का ते बघायचे. उपटून पुन्हा खोचायचे. वाटीभर पाण्यात तारा बुडवून घंटा वाजली, की मग पक्की पाटी.

खेड्यात हे जमते का? जमते. पुणे जिल्ह्यातील पाबळ गावी डॉ. श्रीनाथ कलबाग यांनी १९८३ साली विज्ञान आश्रम काढला. शाळा सुटलेली मुले तिथे हाताने काम करून शिकू लागली. २००२ साली तिथे फॅब लॅब ही कार्यशाळा निघाली. अशा कार्यशाळेत संगणकाचे यंत्र तांबे कोरून पाटी तयार करते.

दोन गोष्टी ध्यानात ठेवा. नऊ व्होल्टची बॅटरीच वापरा, घरच्या विजेला हात लावू नका. आणि वापरलेले फेरिक क्लोराइड विहिरीजवळ किंवा नाल्यात ओतू नका.

घरातल्या पोराची घंटा पहिल्यांदा वाजली नाही, तर हसू नका, बरे का. जवळ बसा. "कुठे अडले?" एवढे विचारा. कच्च्या पाटीवर अडले, ते सुधारता येते.