ठाणे खाडीचे पाहुणे आणि घरचे

ठाणे खाडीत पक्षी बघायला निघण्याआधी भरती-ओहोटीचं वेळापत्रक पाहून घ्या. पूर्ण ओहोटीला पक्षी लांब चिखलात पांगलेले असतात. पाणी चढू लागलं की ते किनाऱ्याकडे सरकतात. भांडुप किंवा ऐरोलीची बाजू त्यासाठी उत्तम.

पावसाळा सरता सरता उत्तरेकडून चिखल्या आणि तुतारी हे पक्षी उतरू लागतात. मागून रोहित येतात, म्हणजे आपले फ्लेमिंगो. रोहित खाताना नीट बघा. मान वाकवून तो चोच चक्क उलटी धरतो आणि जिभेने पाणी आत-बाहेर करत चोचीतल्या जाळीतून शेवाळ गाळून घेतो. त्याचा गुलाबी रंग या खाण्यातूनच येतो. २०१५ साली इथे फ्लेमिंगो अभयारण्य झालं, २०२२ मध्ये पाणथळ जागांसाठीचा रामसर दर्जा मिळाला. गर्दी अर्थातच या गुलाबी थव्यांसाठी!

माझ्या मते खरी मौज एप्रिलमध्ये. हिवाळाभर मातकट दिसणाऱ्या छोट्या चिखल्यांच्या छातीवर परतीआधी तांबूस रंग चढतो. पावसाळ्यात पाहुणे गेले तरी वंचक असतोच. एरवी चिखलात दिसेनासा होणाऱ्या या बगळ्याची पाठ विणीच्या दिवसांत गर्द तांबडी-तपकिरी होते, आणि तो झाडांवर काटक्या जमवू लागतो.