पोलादाची भट्टी आणि कामगारांचा संघ

सन १९७७ च्या सप्टेंबर महिन्यांतील १९ वी तारीख. अमेरिकेंतील ओहायो राज्यांत यंगस्टाउन नांवाची पोलादनगरी आहे. त्या सोमवारीं तेथें एक बातमी पसरली. यंगस्टाउन शीट अँड ट्यूब या जुन्या कंपनीनें आपल्या कॅम्बेल येथील कारखान्याचा मोठा भाग बंद करण्याचें ठरविलें होतें. सुमारें पांच हजार माणसांचें काम त्या एका निर्णयानें जावयाचें होतें. त्या दिवसाला तेथें ‘काळा सोमवार’ हें नांव पडलें आणि तें आजतागायत चालू आहे. आजा, बाप आणि नातू अशा तीन पिढ्या एकाच भट्टीपाशीं राबलेल्या गांवांत अशा वेळीं पहिला प्रश्न उठतो तो हा, कीं हें कोणाच्या चुकीमुळें झालें?

या प्रश्नाचें एक उत्तर फार लौकर तयार झालें. कामगारसंघांनीं पगार वाढवून घेतले, संप केले, नवीं यंत्रें येऊं दिलीं नाहींत आणि अखेर ज्या फांदीवर बसले होते तीच तोडली, असें तें उत्तर. तें सोपें आहे आणि त्यांत सत्याचा अंशही आहे. परंतु एखादा प्रचंड धंदा बसतो तेव्हां त्याचें खापर एकाच्याच माथीं फोडण्यापूर्वीं सर्वांच्या साक्षी घेतलेल्या बऱ्या. अमेरिकेंतील पोलादाचा धंदा हें त्यासाठीं उत्तम उदाहरण आहे.

प्रथम हें पाहिलें पाहिजे, कीं हा संघ जन्मास कां आला. विसाव्या शतकाच्या आरंभीं अमेरिकन पोलाद कारखान्यांत बारा तासांची पाळी असे. आणि दिवसपाळीची रात्रपाळी करावयाच्या वेळीं, दर पंधरवड्यास, कामगाराला सलग चोवीस तास भट्टीसमोर उभें राहावें लागे. सन १८९२ मध्यें पेन्सिल्वेनियांतील होमस्टेड येथें कार्नेगी कंपनीनें संघाशीं करार करण्याचें नाकारलें. मालकांनीं आणलेल्या पिंकर्टन संस्थेच्या सशस्त्र पहारेकऱ्यांत आणि कामगारांत रक्तपात झाला, आणि त्या धंद्यांतील संघ पुढें चाळीस वर्षें डोकें वर काढूं शकला नाहीं. १९१९ चा मोठा संपही फसला. १९३५ च्या कायद्यानें संघ करण्याच्या हक्काला संरक्षण मिळालें, तेव्हां कोठें दिवस पालटले. २ मार्च १९३७ रोजीं यू. एस. स्टील या सर्वांत मोठ्या कंपनीनें संपावांचून संघास मान्यता दिली. त्याच वर्षीं ३० मे रोजीं शिकागो येथें रिपब्लिक स्टीलच्या कारखान्यापुढें पोलिसांच्या गोळीबारांत दहा माणसें मेलीं. अशा मार्गानें मिळालेला हक्क माणूस सहजासहजीं हातचा सोडीत नाहीं, ही गोष्ट पुढील इतिहास वाचतांना विसरतां कामा नये.

दुसरें महायुद्ध संपलें तेव्हां जगांतील निम्म्याहून अधिक पोलाद एकट्या अमेरिकेंत होत होतें. युरोपांतील भट्ट्या मोडून पडल्या होत्या; जपानची तीच स्थिति होती. गिऱ्हाईक दाराशीं उभें आणि प्रतिस्पर्धी कोणी नाहीं, असा तो काळ होता. मूठभर मोठ्या कंपन्या होत्या, यू. एस. स्टीलनें भाव वाढविला कीं बाकीच्या त्याच मार्गानें जात. संघानें पगारवाढ मागावी, कांहीं दिवस ताणाताण व्हावी, मग पगार वाढावा आणि त्यापाठोपाठ पोलादाचा भावही वाढावा, असा क्रमच पडून गेला. संघ आणि मालक हे बाहेरून हाडवैरी दिसत. परंतु दोघेही एकाच ताटांत जेवत होते, आणि त्या ताटाचा पैसा मोटार, घर वा पूल बांधणारें गिऱ्हाईक भरीत होतें.

या क्रमाला पहिला जबर धक्का १९५९ सालीं बसला. त्या वर्षीं १५ जुलै रोजीं सुमारें पांच लाख कामगारांनीं काम थांबविलें, आणि तो संप ११६ दिवस चालला. भांडण केवळ पगाराचें नव्हतें. करारांत ‘दोन-ब’ या नांवानें प्रसिद्ध असलेलें एक कलम होतें. एखाद्या कामावर किती माणसें असावीं याविषयीं जी रूढि पडली असेल, ती मालकास मनास येईल तेव्हां मोडतां येऊं नये, असा त्याचा आशय. मालकांना तें कलम काढून टाकावयाचें होतें. कामगारांना तें म्हणजे आपल्या घराचें दारच वाटत होतें. अखेर न्यायालयाच्या हुकुमानें कामगार नोव्हेंबरांत कामावर परतले, जानेवारी १९६० मध्यें तडजोड झाली आणि तें कलम जागच्या जागीं राहिलें.

संघाचा विजय झाला; परंतु त्या विजयाची किंमत दुसऱ्याच वहींत लिहिली गेली. संपाच्या त्या महिन्यांत मोटारींचे व इतर मालाचे कारखानदार परदेशी पोलाद घेऊं लागले. त्यांना तें पुरेसें चांगलें आणि स्वस्त आढळलें. १९५९ सालीं अमेरिकेंत जितकें पोलाद बाहेर गेलें त्याहून अधिक आंत आलें. त्या शतकांत असें प्रथमच घडलें. पुढें दर तीन वर्षांनीं करार संपण्याचा सुमार आला, कीं गिऱ्हाइकें संपाच्या भयानें आधींच परदेशी मालाची बेगमी करूं लागलीं. संघाच्या विरुद्ध जो पुरावा आहे त्यांत हा सर्वांत वजनदार होय.

आतां दुसरी बाजू. १९५२ सालीं ऑस्ट्रियांतील लिंत्स येथें पोलाद करण्याची एक नवी रीत यशस्वी झाली. वितळलेल्या लोखंडावर शुद्ध प्राणवायूचा झोत सोडावयाचा, म्हणजे जुन्या उघड्या चुलीच्या भट्टींत ज्या कामास आठ-दहा तास लागत तें पाऊण तासाच्या आंत होतें. अमेरिकेंत मॅक्लाउथ या एका लहान कंपनीनें ही रीत १९५४ मध्यें उचलली. बड्या कंपन्या मात्र त्याच दशकांत जुन्या पद्धतीच्या भट्ट्यांवर अफाट पैसा ओतीत राहिल्या. जपाननें व जर्मनीनें आपल्या उद्ध्वस्त कारखान्यांच्या जागीं नवी रीत आणली. पुढें वितळलेल्या पोलादाच्या अखंड ओतकामाची पद्धत निघाली, तेव्हांही तोच प्रकार झाला. १९८० सालीं जपानांत सुमारें साठ टक्के पोलाद या पद्धतीनें ओतलें जात होतें; अमेरिकेंत अवघें वीस टक्के. भट्टी कोणत्या जातीची बांधावी, हें कामगारसंघानें ठरविलें नव्हतें. तो अधिकार करारान्वयें व्यवस्थापकांचा होता आणि त्यांनीं तो डोळ्यांत तेल घालून जपला होता.

भावाचीही गोष्ट तशीच. १९६२ सालीं अध्यक्ष केनेडी यांच्या आग्रहावरून संघानें अगदीं माफक करार पत्करला. त्याची शाई वाळते न वाळते तोंच, १० एप्रिल रोजीं, यू. एस. स्टीलनें टनामागें सहा डॉलरांची वाढ जाहीर केली. अध्यक्ष संतापले आणि तीन दिवसांत ती वाढ मागें घ्यावी लागली. संयम दाखविला तरी त्याचा लाभ गिऱ्हाइकाला मिळेलच असें नाहीं, हा धडा कामगारांनीं या प्रसंगावरून घेतला असल्यास त्यांना दोष देणें कठीण आहे.

पुढें १९७३ मध्यें संघ आणि कंपन्या यांनीं एक नवा प्रयोग केला. देशव्यापी संप करावयाचा नाहीं, तंटा लवादाकडे न्यावयाचा. त्याच्या मोबदल्यांत दर वर्षीं तीन टक्के पगारवाढ आणि शिवाय महागाईच्या प्रमाणांत भत्ता. हेतु चांगला होता. गिऱ्हाईक बिथरूं नये, हाच तो हेतु. परंतु त्याच वर्षाच्या अखेरीस तेलाचे भाव भडकले, महागाईचा आगडोंब उसळला आणि भत्त्याचें चक्र कोणासही आवरेना. १९८० च्या सुमारास पोलाद कामगारामागें होणारा ताशीं खर्च इतर कारखान्यांतील सरासरीच्या दीडपटीहून अधिक झाला होता. मालाचा खप घटत असतां हा बोजा वाढत गेला. १९८३ मध्यें संघानें वेतनांत कपात मान्य केली. पण तोंपर्यंत फार उशीर झाला होता.

संघाच्या घरांतही अंधारे कोपरे होते. ज्येष्ठतेचा हक्क हा त्याचा अभिमानाचा विषय. परंतु ती ज्येष्ठता खात्यापुरती मोजली जात असे. त्यामुळें कोक-भट्टीसारख्या जिवावरच्या कामांवर नेमलेले काळे कामगार चांगल्या खात्यांत जाऊं लागले, कीं त्यांची सारी नोकरी शून्यापासून मोजावी लागे. १९७४ सालीं सरकारच्या दाव्यानंतर नऊ कंपन्यांना आणि संघाला ही पद्धत बदलण्याचें कबूल करावें लागलें. जो संघ सर्वांच्या नांवानें बोलतो, त्यानें सर्वांना एका पंक्तीस बसविलें होतें असें नव्हे.

परंतु संघानें कारखान्याच्या भवितव्याचा विचारच केला नाहीं, हें म्हणणें खोटें आहे. संघाचा अध्यक्ष फिलिप मरे यानें १९४० मध्यें मॉरिस कुक या अभियंत्याच्या जोडीनें एक ग्रंथच लिहिला. उत्पादन वाढविण्याच्या कामीं संघटित कामगारांचें ज्ञान उपयोगांत आणावें, हा त्याचा विषय. ओहायोंतील मॅन्सफील्ड येथें जोसेफ स्कॅनलन या कामगार पुढाऱ्यानें बुडत्या पोलाद कंपनींत तसा प्रयोग करून दाखविला. कामगारांनीं सूचना कराव्या, खर्च वांचेल त्यांत त्यांचा वांटा असावा, अशी ती योजना होती. बड्या कंपन्यांनीं मात्र ही भागीदारी झिडकारली. ‘कारखाना आम्ही चालवूं, तुम्ही पगार मागा,’ असें त्यांचें धोरण होतें. आणि संघानेंही कालांतरानें तेवढ्यावरच समाधान मानलें. खरी चूक जर कोठें झाली असेल तर ती येथें. भट्टी जुनी होत आहे हें जो रोज तिच्यासमोर उभा असतो त्याला सर्वांआधीं कळतें. पण तें बोलण्याची जागा त्याला नव्हती, आणि ती मिळविण्यासाठीं त्यानें संप केला नाहीं.

कॅम्बेलच्या कारखान्याचें काय झालें, तेंही या दृष्टीनें पाहण्यासारखें आहे. ती कंपनी १९६९ सालीं लाइक्स या जहाजवाहतुकीच्या घराण्यानें विकत घेतली होती, आणि पुढें तिच्या भट्ट्यांत पुरेसें भांडवल घातलें नाहीं. कारखाना बंद झाल्यावर गांवांतील धर्मगुरूंनीं व कामगारांनीं तो आपणच घेऊन चालवावा अशी खटपट केली; परंतु सरकारची हमी मिळाली नाहीं. यू. एस. स्टीलनें तर १९८२ मध्यें सहा अब्ज डॉलरांहून अधिक देऊन मॅरेथॉन ही तेलाची कंपनी घेतली. जो पैसा नव्या भट्टींत जाऊं शकला असता तो तेलविहिरींत गेला. आणि होमस्टेडचा तो इतिहासप्रसिद्ध कारखाना १९८६ सालीं बंद पडला.

संघाच्या कैवाऱ्यांनीं एका गोष्टीचें उत्तर मात्र दिलें पाहिजे. याच काळांत न्यूकॉर नांवाची कंपनी मोडीचें लोखंड विजेच्या भट्टींत वितळवून स्वस्त पोलाद करूं लागली व मोठी झाली. तिच्याकडे कामगारसंघ नाहीं; कामाच्या मानानें बक्षिसी देण्याची तिची पद्धत आहे. परंतु तिचें यश केवळ संघ नसल्याचें फळ नव्हे. तंत्रच निराळें होतें. १९६२ ते २००५ या काळांत अमेरिकेंतील पोलाद धंद्यांत सुमारें चार लाख, म्हणजे पाऊण हिश्श्याइतके कामगार कमी झाले. आणि तरीही २००५ मध्यें कारखान्यांतून निघणारा माल जवळजवळ पूर्वींइतकाच होता. म्हणजे धंदा मेला नाहीं. त्यांतला माणूस मात्र बाहेर पडला.

संघाला खुर्ची दिली असती तर हें टळलें असतें काय? जर्मनींत १९५१ च्या कायद्यानें कोळशाच्या व पोलादाच्या मोठ्या कंपन्यांच्या देखरेख मंडळांत कामगारांना भांडवलाच्या बरोबरीनें जागा मिळाल्या. तेथेंही भट्ट्या विझल्या. ऱ्हाईनहाऊझेनचा कारखाना वांचविण्यासाठीं १९८७-८८ मध्यें सारें गांव रस्त्यावर आलें, तरी १९९३ त तो बंद झालाच. पण एका सकाळीं फाटकावर कुलूप, असा प्रकार तेथें क्वचित् झाला. मुदत मिळाली आणि लौकर निवृत्त होणाऱ्यांची तरतूद झाली. ओहोटी थांबवितां आली नाहीं. ओहोटींत सांपडलेल्या माणसाला किनारा मात्र दाखवितां आला.

अमेरिकेंत तसें झालें नाहीं. बेथलेहेम स्टील या प्रख्यात कंपनीनें २००१ सालीं दिवाळें काढलें, तेव्हां तिच्या पेन्शनचा बोजा सरकारी विमासंस्थेला उचलावा लागला आणि सुमारें पंचाण्णव हजार निवृत्त कामगार व कुटुंबीय यांचा औषधोपचाराचा आधार गेला. ज्या हक्कांसाठीं त्यांनीं तरुणपणीं पगारवाढ थोडी कमी घेतली होती, ते हक्क म्हातारपणीं कागदावरच राहिले. नव्या मालकाशीं करार करतांना त्याच संघानें कामांचे जुने अनेक वर्ग मोडून मोजकेच ठेवण्यास संमति दिली. १९५९ मध्यें ज्यासाठीं ११६ दिवस उपास काढले, तें २००३ मध्यें सहीनिशीं सोडलें.

तेव्हां निवाडा करावयाचाच तर तो असा होईल. कामगारसंघानें या धंद्याचा ओझ्याचा भाग वाढविला, हें खरें. पण त्यानें तो धंदा मारला, हें खरें नाहीं. आळशी भांडवल, बदललेलें तंत्र, स्वस्त परदेशी माल आणि १९८० नंतर महागलेला डॉलर हे सर्व त्या पापाचे वांटेकरी आहेत. संघाचा अपराध त्यानें फार मागितलें हा नव्हे. त्यानें पगार मागितला आणि हिशेबाची वही पाहावयास मागितली नाहीं, हा आहे. ज्या देशांत आज कारखाने उभे राहत आहेत, तेथील कामगारांनीं आणि कारखानदारांनीं यंगस्टाउनच्या त्या सोमवारची आठवण ठेवावी. भट्टी विझल्यावर दोष वांटून घेण्यापेक्षां ती धगधगत असतांनाच एकत्र बसून तिचा हिशेब करणें दोघांच्याही हिताचें आहे.